ऑटिझम, दोन बाहुल्या आणि फ्रिथबाई

बेळगावच्या खडेबाजारात असू दे नाहीतर खानापूर स्टँडवर, तीन वर्षाचं पोरगं हाक मारली तरी वळून बघत नाही, बोटानं काही दाखवत नाही, फिरणाऱ्या पंख्याकडं तासभर बघत बसतंय असं कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न आईलाच येतो, "तू त्याच्याशी बोलत नव्हतीस काय गं?" दुसरा प्रश्न मोबाईलचा. मग सासूबाई, "बोलंल की, ह्याचा बापपण पाच वर्षाचा झाल्यावर बोलला." हा ऑटिझम असू शकतो, म्हंजे मेंदूची घडणच जन्मापासून वेगळी असणं, हे कुणाच्या ध्यानात येत नाही. ह्या पोराला जग दिसतं कसं, त्याच्या डोक्यात नेमकं चालतंय काय, असं विचारणारं माणूस क्वचित भेटतं. आणि हाच प्रश्न पन्नासपेक्षा जास्त वर्षं धरून बसलेली एक बाई आहे, लंडनच्या मानसशास्त्रज्ञ उटा फ्रिथ. बी.एड., डी.एड.च्या पोरापोरींना मुलांची बुद्धी कशी वाढते ते सांगणारा पियाजे पाठ असतो, ह्या बाईंचं नाव मात्र फारसं कुणी ऐकलेलं नसतं, म्हणून म्हटलं जरा सोपं करून लिहावं.

आधी त्या यायच्या अगोदरचा कारभार काय होता ते बघू. १९४३ साली अमेरिकेत बाल्टिमोरला लिओ कॅनर नावाच्या डॉक्टरनं ११ मुलांच्या केसेस लिहिल्या, माणसांत न रमणारी, तेच ते करत राहणारी, काही बदललं की आकांत करणारी मुलं. पुढच्या वर्षी व्हिएन्नात हान्स अ‍ॅस्पर्गरनं जर्मनमधे तसंच काहीसं लिहिलं. (खरं म्हणजे रशियात ग्रुन्या सुखारेवा नावाच्या डॉक्टरबाईनी १९२५ सालीच अशा सहा मुलांचं वर्णन केलं होतं, पण बाईचं लिहिलेलं, त्यात रशियन, कोण वाचतंय.) कॅनरनं सुरवातीला हे जन्मापासूनचं असावं असंच म्हटलेलं, पण आईबाप थंड वाटतात, मायेनं वागत नाहीत अशीपण टिप्पणी त्यानं केली आणि लोकांनी नेमकी तीच उचलली. मग शिकागोचा ब्रुनो बेटेलहाइम आला, त्यानं १९६७ साली अख्खं पुस्तक लिहून आईच्या प्रेमाच्या अभावामुळं पोर स्वतःत मिटून जातं असं ठासून सांगितलं. "फ्रिज आई" असा शब्दच पडला. किती आया ह्या एका थिअरीपायी रडल्या असतील त्याचा हिशोब कुणी ठेवलेला नाही.

फ्रिथबाईंचा जन्म १९४१ चा, जर्मनीतल्या रॉकेनहाउझेन नावाच्या छोट्या गावातला. झारब्र्युकेनच्या युनिव्हर्सिटीत शिकायला गेल्या त्या कलेचा इतिहास घेऊन, तिथं सायकॉलॉजीच्या तासांना बसल्या, आकडे आणि प्रयोग बघून त्यातच अडकल्या. मग लंडनला मॉडस्ली हॉस्पिटलला लागून असलेल्या इन्स्टिट्यूट ऑफ सायकियाट्रीत आल्या आणि तिथं त्यांनी ऑटिझम असलेली मुलं पहिल्यांदा बघितली. काहीजण बोलत नव्हती पण अवघड पझल चटकन लावत होती. ही मुलं "मंद" म्हणावीत तर मंद नव्हेत, मग आहेत तरी काय, ह्या कोड्यानं बाईंना जे पकडलं ते कायमचंच.

तिथं त्यांना गाईड भेटले बेआटे हर्मेलिन आणि नील ओ'कॉनर. ह्या जोडीची पद्धत समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. ते मुलांच्या नुसत्या वागण्याचं वर्णन करत बसत नव्हते, तर छोटे छोटे प्रयोग लावायचे, आणि तुलना नेहमी बौद्धिक वय सारखं असलेल्या दुसऱ्या मुलांशी करायचे. म्हंजे बारा वर्षाच्या ऑटिस्टिक मुलाची तुलना बारा वर्षाच्या हुशार मुलाशी करून "बघा किती मागं आहे" म्हणण्यात काय अर्थ नाही, ते आधीच माहीत आहे. दोघांची एकूण समज सारखी असताना नेमक्या कुठल्या जागी फरक पडतो, ते शोधायचं.

उदाहरण देतो. "आजीनं चुलीवर दूध तापवलं" हे वाक्य एकदा ऐकवून परत म्हणायला लावा, आणि मग "दूध लाल झाड काल" असे सुटे शब्द म्हणायला लावा. आपल्याला वाक्य सोपं जातं कारण अर्थ सगळ्या शब्दांना धरून ठेवतो. हर्मेलिन आणि ओ'कॉनर यांना दिसलं की ऑटिस्टिक मुलांची घोकून म्हणायची ताकद चांगली असते, पण वाक्याला अर्थ असल्याचा जो फायदा बाकीच्या मुलांना मिळतो तो त्यांना तेवढा मिळत नाही. फ्रिथबाईंनी आपली पीएच.डी. ह्याच धाग्यावर केली, एकामागून एक येणाऱ्या गोष्टींतला पॅटर्न ही मुलं कशी पकडतात यावर, आणि १९६८ साली ती पूर्ण झाली. म्हंजे तिकडं बेटेलहाइमचं पुस्तक बाजारात गाजत होतं आणि इकडं एक तरुण मुलगी आईला बाजूला ठेवून मुलाच्या डोक्यात माहिती कशी फिरते ते मोजत होती. १९७७ मधे त्याच इन्स्टिट्यूटमधले मायकेल रटर आणि सुसान फोल्स्टीन यांनी २१ जुळ्यांच्या जोड्या तपासल्या, तेव्हा एकसारख्या जुळ्यांच्या ११ जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोघांनाही ऑटिझम निघाला आणि वेगवेगळ्या जुळ्यांच्या १० जोड्यांत एकातही नाही. आनुवंशिकतेचा हात आहे हे तिथंच दिसलं. फ्रिज आईची थिअरी अशी दोन्ही बाजूनी खिळखिळी झाली.

आता येऊ मेन गोष्टीवर.

१९८५. लंडनचं कॉग्निटिव्ह डेव्हलपमेंट युनिट, बाईंबरोबर त्यांचा विद्यार्थी सायमन बॅरन-कोहेन आणि सहकारी अ‍ॅलन लेस्ली. टेबलावर दोन बाहुल्या, सॅली आणि अ‍ॅन. सॅलीकडं टोपली, अ‍ॅनकडं डबा. सॅली आपली गोटी टोपलीत ठेवते आणि बाहेर जाते. ती नसताना अ‍ॅन ती गोटी काढून आपल्या डब्यात लपवते. सॅली परत येते. प्रश्न एकच, सॅली गोटी कुठं शोधेल?

आपण म्हणणार टोपलीत, कारण तिला बिचारीला माहीतच नाही. हे उत्तर द्यायला पोराच्या डोक्यात एकाच वेळी दोन गोष्टी राहायला लागतात, गोटी खरी कुठं आहे ती आणि सॅलीच्या मते कुठं आहे ती, आणि सॅलीचं "मत" चुकीचं असलं तरी ती त्याच मतानं वागणार हे कळायला लागतं. ह्याला ते लोक थिअरी ऑफ माइंड म्हणतात, साध्या भाषेत दुसऱ्याच्या मनात काय आहे त्याचा अंदाज. असा प्रयोग मुळात व्हिमर आणि पेर्नर या दोघांनी १९८३ मधे साध्या, म्हंजे ऑटिझम वगैरे नसलेल्या, मुलांवर केलेला, त्यात बहुतेक मुलांना साधारण चार वर्षाच्या पुढं हे जमायला लागतं असं दिसलेलं.

निकाल असा आला. साधी मुलं २७ होती, त्यातली २३ पास. डाऊन सिंड्रोमची (जन्मापासूनच बुद्धीची वाढ सावकाश असलेली) १४, त्यातली १२ पास. ऑटिझमची २०, त्यातली फक्त ४ पास, बाकी १६ जणांनी गोटी जिथं खरोखर होती त्या डब्याकडं बोट दाखवलं. गोटी आधी कुठं होती, आता कुठं आहे, हे दोन्ही प्रश्न सगळ्यांना बरोबर आले होते, त्यामुळं आठवण कच्ची म्हणून चुकले असं म्हणायला जागाच नाही.

माझ्या मते ह्या प्रयोगातली खरी अक्कल बाहुल्यांत नाही, ती त्या १४ डाऊनच्या मुलांत आहे. ऑटिझमच्या मुलांचं बौद्धिक वय त्यांच्यापेक्षा जास्तच होतं, तरी पास झाली ती डाऊनची मुलं. ती १४ मुलं नसती तर कुणीही उठून म्हटलं असतं, "बुद्धी कमी, म्हणून जमलं नाही, त्यात काय एवढं." ती असल्यामुळं ते म्हणता येईना. बुद्धी ही एकच पट्टी नसते, एका पोराची एक गोष्ट अडलेली असू शकते आणि बाकीच्या चालू असू शकतात, हे दहा-बारा पानांच्या पेपरात सिद्ध झालं आणि तेही महागडं मशीन न वापरता.

याच जातीचा दुसरा प्रयोग चॉकलेटच्या गोळ्यांच्या नळीचा. नळी दाखवून विचारायचं आत काय, पोरगं म्हणतं गोळ्या, उघडली तर निघते पेन्सिल. मग विचारायचं, बाहेरच्या तुझ्या मित्राला ही बंद नळी दाखवली तर तो काय म्हणेल? आपल्याकडं ह्याला नळी आणायची गरजच नाही, बेळगावातल्या कुठल्याही घरात कुंद्याचा रिकामा डबा असतोच आणि त्यात कुंदा सोडून सुई-दोरा, बटणं, लाईटबिल सगळं असतं. पण एक सांगतो, हे बघून घरच्या तीन वर्षाच्या पोराची परीक्षा घेऊ नका आणि चुकलं म्हणून डोळ्यात पाणी आणू नका, तीन वर्षाची बहुतेक पोरं चुकतात, आणि ह्या टेस्टवर ऑटिझमचं निदान होत नसतं. तो संशोधनाचा प्रयोग आहे, तपासणी नव्हे.

आता त्या ४ जणांचं काय, जे पास झाले? टीका करणाऱ्यांनी हेच विचारलं आणि बरोबर विचारलं. जर दुसऱ्याचं मन न कळणं हेच ऑटिझमचं मूळ असेल तर एकही पास व्हायला नको. बाईंची विद्यार्थिनी फ्रान्सेस्का हॅपे हिनं १९९५ मधे दाखवलं की साधी मुलं भाषेच्या हिशोबानं चार वर्षाची झाली की जे उत्तर देतात ते द्यायला ऑटिस्टिक मुलांना भाषेचं वय साधारण नऊपर्यंत यावं लागतं. म्हंजे कळतं, पण उशिरा, आणि बहुतेक दुसऱ्या वाटेनं, गणित सोडवल्यासारखं विचार करून करून. मोठ्या झालेल्या ऑटिस्टिक माणसांनी स्वतः असं सांगितलंय की समोरच्याचा चेहरा बघून आपोआप काही कळत नाही, हिशोब मांडावा लागतो आणि संध्याकाळपर्यंत जीव थकून जातो. २००९ मधे बाईंच्या टीमनं बोलून नाही तर नजर टिपून बघितलं, तेव्हा तोंडी टेस्ट पास झालेली मोठी ऑटिस्टिक माणसंसुद्धा उत्तराच्या जागेकडं आपसूक बघत नव्हती. मात्र पुढं हीच नजरेची पद्धत इतर ठिकाणी वापरली तेव्हा साध्या माणसांतही निकाल तसे पक्के आले नाहीत, त्यामुळं त्यावर फार भार टाकू नये.

बोलण्याचं पण तसंच. "डोकं खाऊ नको" म्हटलं की पोरगं घाबरून बघतं. "बाबा आले का बघ" म्हटलं की जातं, बघतं, येऊन परत गप खेळायला लागतं, कारण तुम्ही बघायलाच सांगितलेलं, सांगायला कुठं सांगितलेलं! हे उद्धटपण नाही. वाक्याच्या मागं बोलणाऱ्याचा हेतू काय ते वेगळं पकडावं लागतं आणि ते त्यांना आपोआप मिळत नाही.

पण थिअरी ऑफ माइंडनं एक बाजू सुटतच नव्हती, ती म्हंजे ह्या मुलांना जे जास्त चांगलं जमतं ते. फ्रिथबाई मला आवडतात त्या इथं, कारण बहुतेक डॉक्टर काय जमत नाही त्याचीच यादी करतात. १९८३ मधे अमिता शहा ह्या विद्यार्थिनीबरोबर त्यांनी एक प्रयोग छापला, एका मोठ्या चित्रात लपलेला त्रिकोण वगैरे आकार शोधायचा, आणि ऑटिस्टिक मुलं त्यात बरोबरीच्या मुलांना मागं टाकत होती. १९९३ मधे दोघींनी रंगीत ठोकळ्यांनी नक्षी जुळवायचा प्रयोग केला. अख्खी नक्षी दिली तर ऑटिस्टिक मंडळी पुढं, पण नक्षीचे तुकडे आधीच सुटे करून दाखवले तर बाकीचेपण त्यांच्या बरोबरीला आले. म्हंजे आपण अडतो कुठं, तर अख्ख्याचे तुकडे करण्यात, आणि ते काम त्यांच्या डोक्यात आधीच झालेलं असतं. ठिपक्यांची रांगोळी बघून आपण "मोर काढलाय" म्हणतो आणि किती ठिपके ते विचारलं तर सांगता येत नाही, त्या पोराला ठिपके दिसतात, एखादा चुकीच्या जागी पडलेला असेल तर तोच आधी दिसतो, मोर नंतर, कधी कधी दिसतच नाही. १९८९ च्या आपल्या पुस्तकात बाईंनी ही कल्पना नीट मांडली, बारीक गोष्टी जोडून एक मोठा अर्थ करायची आपल्या मनाला जी ओढ असते ती यांच्यात कमी असते. पुढं हॅपे आणि त्यांनी मिळून ते थोडं बदललं, ही कमतरता कमी आणि विचार करायची एक ढब जास्त, असं. घरातला टीपॉय चार बोटं सरकवला तर आकांत का होतो, शर्टाच्या मागचं लेबल का टोचतं, एसटीचे नंबर पाठ आणि गावाला कशाला चाललोय ते माहीत नाही असं का, ह्या गोष्टी जरा तरी समजायला लागतात.

बाईंचं आणखी एक काम, १९९१ मधे अ‍ॅस्पर्गरचा १९४४ चा जर्मन पेपर त्यांनी इंग्रजीत आणला. त्याच्या दहा वर्षं आधी लोर्ना विंग ह्या डॉक्टरबाईनी, ज्यांची स्वतःची मुलगी ऑटिस्टिक होती, अ‍ॅस्पर्गरचं नाव पुढं आणलेलं आणि ऑटिझम हा एक ठोकळा नसून स्पेक्ट्रम, म्हंजे कमी-जास्त छटांचा पट्टा, आहे ही भाषा पण त्यांचीच. अ‍ॅस्पर्गरबद्दल २०१८ मधे इतिहासकार हेर्विग चेक यांनी कागदपत्रं काढून दाखवलं की नाझी काळात त्यानं काही मुलांना जिथं मुलं मारली जात होती त्या श्पीगेलग्रुंड संस्थेत पाठवायची शिफारस केली होती. तसंही २०१३ पासून डॉक्टर निदानासाठी वापरतात त्या अमेरिकन मॅन्युअलमधे "अ‍ॅस्पर्गर" हे वेगळं निदान राहिलेलं नाही, सगळं ऑटिझम स्पेक्ट्रममधेच धरतात.

मेंदूच्या फोटोंचं काम त्यांनी नवऱ्याबरोबर, ख्रिस फ्रिथ यांच्याबरोबर केलं, पडद्यावर दोन त्रिकोण एकमेकांना फसवतायत अशी फिल्म दाखवून डोक्याचा कुठला भाग जागा होतो ते बघायचं वगैरे. ऑटिस्टिक लोकांत मन वाचायच्या जागा कमी जागतात असं दिसलं, पण त्या प्रयोगात माणसं थोडीच होती.

सगळ्यात टोचणारी टीका आली ती २०१२ मधे डेमियन मिल्टन यांच्याकडून, आणि ते स्वतः ऑटिस्टिक आहेत. त्यांचं म्हणणं, ऑटिस्टिक माणसाला तुमचं मन कळत नाही म्हणता, पण तुम्हाला तरी त्याचं कुठं कळतंय? समजण्याची अडचण दोन्हीकडून आहे, मग दोष एकाच्याच खात्यावर का? २०२० मधे कॅथरीन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी कानगोष्टीसारखा प्रयोग केला, एकानं दुसऱ्याला, दुसऱ्यानं तिसऱ्याला माहिती सांगत जायचं. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत माहिती तेवढीच टिकली जेवढी सगळे साधे असलेल्या साखळीत. जास्त गळाली ती मिसळलेल्या साखळीत. मला वाटतं ह्यानं फ्रिथबाईंचं काम पुसलं जात नाही, पण "त्यांच्यात काय कमी आहे" ह्या प्रश्नाला "दोघांच्या मधे काय होतंय" हा प्रश्न येऊन चिकटला, आणि तो चिकटायलाच हवा होता.

आता आपल्या भागाचं. फ्रिज आई तिकडं गेली आणि आपल्याकडं मोबाईल आई होऊन आली. "व्हर्च्युअल ऑटिझम", म्हंजे स्क्रीन बघून होतो म्हणतात तो, हा शब्द आता निपाणीपासून बिडीपर्यंत सगळ्यांना पाठ आहे, पण ते कुठल्याही अधिकृत मॅन्युअलमधलं निदान नाही. मोबाईल कमी करा, शंभर टक्के करा, बोलणं आणि खेळणं वाढतं, पण मोबाईलनं ऑटिझम झाला असं आईच्या तोंडावर मारू नका. लसीनं ऑटिझम होतो म्हणतात त्याचं पण तेच, तसं सुचवणारा १९९८ चा वेकफिल्ड ह्या डॉक्टरचा १२ मुलांवरचा पेपर २०१० मधे मागं घेतला गेलाय, त्यावर अजून बोलायचं म्हंजे वेळ घालवणं. सौंदत्तीच्या डोंगराला जाऊन यायचं तर जरूर जाऊन या, मनाला बरं वाटतं, फक्त तपासणी त्या नवसासाठी पुढं ढकलू नका.

आणि भाषा! घरात मराठी, गल्लीत कन्नड, शाळेत इंग्लिश, टीव्हीवर हिंदी, हे आपल्या पोराचं रोजचं जगणं. पोरगं बोलेना म्हटलं की पहिला सल्ला मिळतो, घरात एकच भाषा बोला, आणि ती बहुतेक इंग्लिश सांगतात. मग आई मोडक्या इंग्लिशमधे "कम, सिट, ईट" एवढंच बोलते आणि आजी तर बोलायचंच सोडते. मॉन्ट्रियलमधे, तेही आपल्यासारखंच दोन-तीन भाषांचं शहर, २०१२ मधे हॅम्बली आणि फोम्बोन यांनी ऑटिस्टिक मुलांचा अभ्यास केला, तर दोन भाषा कानावर पडणाऱ्या मुलांना एका भाषेतल्या मुलांपेक्षा बोलायला जास्त उशीर झालेला दिसला नाही. म्हणून आईला ज्या भाषेत ओरडता, लाडवता, गाणं म्हणता येतं तीच भाषा तिनं बोलावी. उलट काळजी घ्यायची ती तपासणीच्या वेळी. सॅली-अ‍ॅनसारखा प्रश्न मराठी पोराला घाईघाईत कन्नडमधे नाहीतर इंग्लिशमधे विचारला आणि ते चुकलं, तर चुकलं नेमकं काय, मन वाचणं का वाक्य कळणं? फ्रिथबाईंनी आयुष्यभर हाच घोळ सोडवला की कुठली अडचण कशामुळं ते वेगळं करायचं, त्यामुळं थेरपिस्टला स्पष्ट सांगा, पोराला मराठीतच विचारा, नाहीतर घरचं कुणीतरी दुभाषी म्हणून शेजारी बसू दे.

जायचं कुठं म्हणाल तर अंगणवाडीत आणि शाळेत येणाऱ्या आरबीएसकेच्या, म्हंजे सरकारी बालआरोग्य तपासणीच्या, टीमला आधी दाखवा, ते जिल्ह्याच्या केंद्राकडं पाठवतात, मोठ्या तपासणीला धारवाडची डिम्हान्स ही मानसिक आरोग्याची सरकारी संस्था आहे. २०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगाचं ओळखपत्र) निघतं, आणि नॅशनल ट्रस्टच्या निरामय योजनेत वर्षाला १ लाखापर्यंतचा आरोग्य विमा मिळतो, त्यात थेरपीचा खर्चपण धरतात. ओपीडीत नवीन जागा, नवीन माणसं बघून पोरगं एकतर एकदम गप बसतं नाहीतर गोंधळ घालतं, आणि डॉक्टरकडं वेळ थोडा असतो, त्यामुळं जायच्या आधी घरातले दोन-तीन मिनिटांचे व्हिडिओ काढून न्या, जेवताना, एकटं खेळताना, भावंडांबरोबर असताना, आणि जे चांगलं जमतं त्याचापण एक काढा.